मुद्दल शाबूत, घर बुडालं : तासगावकडच्या एका कॉइन खात्याचा हिशेब

तासगाव तालुक्यातल्या एका तरुणाच्या क्रिप्टो कॉइनच्या, म्हणजे संगणकावरच्या आभासी चलनाच्या, या प्रकरणात कुणी कुणाला फसवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सांगली जिल्ह्यात पैसे बुडाल्याची गोष्ट निघाली की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "कोण पळाला?" २०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण झालं, शेतकरी कोंबड्या घेऊन बसले आणि विकत घेणारे गायब झाले. महिन्याला ठरावीक टक्के देणारे शेअर मार्केटवाले तर गावोगावी होते. क्रिप्टोच्या नावानेही असले प्रकार झालेच. गेनबिटकॉइन योजनेत महिन्याला दहा टक्क्यांप्रमाणे अठरा महिने परतावा मिळणार होता. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली.

आपल्या प्रकरणात असा सूत्रधार नाही. या तरुणाने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पॅनकार्डावर कॉइन घेतले. ज्या कॉइनमध्ये त्याने पहिल्यांदा पैसे टाकले, त्यात शेवटी तो थोड्या नफ्यातच राहिला. तरी दीड वर्षात बायकोचं सोनं गहाण पडलं, नोकरी गेली, नवी गाडी विकावी लागली आणि बहिणीच्या घरचं येणंजाणं थांबलं.

मी सांगलीत कर सल्लागाराचं काम करतो. विवरणपत्राच्या निमित्ताने त्याची स्टेटमेंटं आणि पासबुकं माझ्या टेबलावर आली, म्हणून हिशेब क्रमाने मांडता येतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर आणि नोकरी

तासगाव तालुक्यातलं तीन एकर द्राक्षबागेचं घर. वडील, म्हणजे आप्पा, आई, हा, बायको आणि लहान मुलगा. थोरली बहीण मिरजेला दिलेली. हा बी.कॉम. झालेला, तेव्हा वय २९, बेदाण्याच्या शीतगृहात कारकून, पगार १६,०००. कुणाचे किती बॉक्स आत आले, किती बाहेर गेले, कुणी पावतीवर तारण कर्ज उचललं, हे सगळं त्याच्या संगणकावर.

ही नोकरी या प्रकरणात महत्त्वाची आहे. दर पडला की शेतकरी बेदाणा शीतगृहात ठेवतो आणि दिवाळी-रमजानची मागणी आली की काढतो. घाईने विकणारा मार खातो आणि थांबणारा चार पैसे जास्त घेऊन जातो, हे तो रोज बघत होता. टेलिग्रामच्या ग्रुपवर 'होडल करा' (विकू नका, धरून ठेवा), 'पेपर हँड होऊ नका' (घाबरून विकू नका) असं जे चालायचं, ते त्याला परकं वाटलंच नाही.

पण शीतगृहात त्याने बघितलेलं निम्मंच त्याने उचललं. तिथे थांबणाऱ्याच्या मागे भाडं लागलेलं असतं, तारणाचं व्याज चढत असतं आणि फेब्रुवारी-मार्चला नवा माल आला की जुन्याचा रंग उतरतो. प्रत्येक पावतीला न लिहिलेली का होईना, विकायची तारीख असते. कॉइनला भाडं नाही, तो काळा पडत नाही, त्याला नवा हंगाम नाही. त्यामुळे कधी विकायचं हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

वहीचं शेवटचं पान

२०२१ च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दोन हप्त्यांत मिळून, त्याने शिबा इनू नावाचे १,६०,००० रुपयांचे कॉइन घेतले. पैसे साठवलेले होते, कर्जाचे नव्हते. तेव्हा एका रुपयाला पंधराशे ते अठराशे कॉइन मिळत. त्याच्या खात्यात सुमारे २७ कोटी कॉइन जमले.

आप्पांची फवारणीची एक वही आहे. तारीख, औषध, पंपाला किती मिली, असे रकाने. तिच्या शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात तीन ओळी आहेत. '१ पैसा – २७ लाख', पुढे 'बोअर, स्लॅब, सोसायटी निल'. '१० पैसे – २ कोटी ७० लाख', पुढे 'दहा एकर, ताईला ५'. 'एक रुपया – २७ कोटी'. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. तिथवर पोचल्यावर काय करायचं हे त्याला सुचलं नसावं.

गुणाकार अगदी बरोबर आहे. बी.कॉम.च्या पोराचा गुणाकार चुकत नाही. वहीत नसलेला आकडा वेगळाच आहे: एकूण कॉइन किती? शिबा काढला तेव्हा ते एक हजार लाख कोटी होते. त्यातले निम्मे इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोचा सहसंस्थापक विटालिक बुटेरिन याच्या वॉलेटवर पाठवून दिले होते. मे २०२१ मध्ये त्याने त्यातले सुमारे ४१० लाख कोटी कायमचे नष्ट केले आणि काही भारतातल्या कोविड मदतीसाठी दिले. एवढं जाळूनही ५८९ लाख कोटी उरले. एका कॉइनचा एक रुपया होण्यासाठी त्या सगळ्यांची किंमत ५८९ लाख कोटी रुपये व्हायला हवी. २०२१-२२ मध्ये भारताचं वर्षाचं एकूण देशांतर्गत उत्पादन साधारण २३६ लाख कोटी होतं. कुत्र्याचं चित्र असलेल्या एका कॉइनची किंमत अख्ख्या देशाच्या वर्षाच्या कमाईच्या अडीच पट होणार, हे त्या तिसऱ्या ओळीचं खरं म्हणणं.

हा भागाकार यूट्यूबवर कुणी करून दाखवत नाही. तिथे '२०१० मध्ये एकाने दोन पिझ्झ्यांसाठी दहा हजार बिटकॉइन दिले' ही गोष्ट सांगतात, आणि ती खरीही आहे, पण बिटकॉइन एकूण दोन कोटी दहा लाखांच्या वर निघणारच नाहीत, हे शिबाशी ताडून सांगत नाहीत. स्वस्त दिसणाऱ्या कॉइनचं सगळं आकर्षण इथेच आहे. एका बिटकॉइनचा विसावा हिस्सा घेतला तर माणसाला आपण गरीब वाटतो, आणि तेवढ्याच पैशांत सत्तावीस कोटी नग हातात आले की श्रीमंत.

अठ्ठावीस ऑक्टोबर

यूएई-ओमानमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक चालू होता. २४ ऑक्टोबरला भारत पाकिस्तानकडून दहा विकेटने हरला, आणि त्या सामन्यांत षटकं संपली की क्रिप्टो एक्स्चेंजच्या, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांच्या, जाहिराती. कट्ट्यावर मॅच बघणाऱ्या पाचसहा जणांनी त्याच आठवड्यात अॅप घेतलं. शिबा महिन्याभरात दहा पटीच्याही वर गेला आणि २८ ऑक्टोबरला शिखरावर होता. त्याच्या खात्यावर त्या दिवशी साडेसतरा लाखांच्या घरात आकडा दिसत होता. नऊ वर्षांचा पगार.

त्याने आप्पांना बागेत जाऊन फोन दाखवला. छाटणीनंतरची कामं चालू होती. आप्पांना कॉइन म्हणजे काय हे कळायचं कारण नव्हतं, पण बाजार कळत होता.

"आरं, निम्मं इक की. निम्मं ठिव."

"ह्यो बाजार येगळा हाय आप्पा."

"बाजार कसला येगळा? दर आला की निम्मं काढायचं."

त्या दिवशी निम्मं विकलं असतं तर मुद्दल काढून सात लाखांच्या वर हातात पडले असते, आणि तेव्हा आजचा तीस टक्के कराचा नियमही आला नव्हता. पण एक पैशाची ओळ, म्हणजे २७ लाख, फक्त दीडपट लांब होती. तो मला म्हणाला, "साहेब, साडेसतरा दिसत होते, पण मला ते सत्तावीसला साडेनऊ कमी आहेत असं दिसत होतं."

पाडवा

मला विचाराल तर या प्रकरणाचा खरा घाव बाजारात नाही, ५ नोव्हेंबरच्या पाडव्याला आहे.

कॉइन न विकता त्याने गाडी घेतली. ७,८०,००० ची. कॉइन विकायचे नव्हते, म्हणून बायकोचं गंठण आणि पाटल्या पतसंस्थेत ठेवून १,८०,००० आगाऊ भरले आणि बाकी सहा लाखांचं कर्ज, हप्ता १२,४५०. पगार १६,०००. हिशेब जुळत नव्हता, पण तो पगारावर हप्ता फेडणारच नव्हता. पाडव्याला गाडीला हार घालून सगळे बाहुबलीला देवदर्शनाला जाऊन आले. बायकोने सोनं हसत काढून दिलं, हे तीही लपवत नाही. नोव्हेंबरअखेर त्याने नोकरी सोडली, कारण चार्ट बघायला दिवसभर मोकळा वेळ हवा.

खातं सगळं काल्पनिक, खर्च मात्र सगळा खरा. कॉइनचा एक रुपयाही बँकेत आला नव्हता आणि घराचा महिन्याचा खर्च दुपटीवर गेला होता.

२३ नोव्हेंबरला, संसदेत येणाऱ्या विधेयकात खासगी क्रिप्टोवर बंदी असल्याची बातमी फुटली आणि भारतीय एक्स्चेंजवर पळापळ झाली, जगापेक्षा इथले दर जास्त कोसळले. ते विधेयक पुढे मांडलंच गेलं नाही. त्याने हा 'डिप', म्हणजे तात्पुरती घसरण, समजून बघत बसणं पसंत केलं.

मग डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला. बाग फुलोऱ्यात, घडकुज आणि दावण्या एकदम. दिवसाआड फवारण्या, औषध दुकानदाराची उधारी २,६०,००० वर गेली आणि माल निम्म्यावर आला. त्या आठवड्यात त्याच्या कॉइनची किंमत साडेसात लाखांच्या आसपास होती. उधारी फेडून, सोनं सोडवून वर तीन लाख उरले असते. मी त्याला याबद्दल खोदून विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं: साडेसतराचे साडेसात झालेत, आत्ता विकलं तर दहा लाखांचं नुकसान पक्कं होईल. १,६०,००० टाकून साडेसात लाख मिळत असताना माणूस स्वतःला दहा लाखांनी बुडालेला समजत होता. टोकाचा दर एकदा डोळ्यांनी बघितला की तीच मुद्दल होऊन बसते.

फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आला. कट्ट्यावर त्याचा अर्थ 'सरकारने मान्यता दिली' असा लावला गेला. कर लावणं म्हणजे कायदेशीर ठरवणं नव्हे, असं सरकार सांगत होतं, पण ते कोण ऐकतंय.

लूना

एप्रिलपर्यंत हप्ते बेदाण्याच्या पैशांतून आणि आप्पांच्या शिव्या खाऊन चालले होते. मे मध्ये लूना नावाचा दुसरा एक कॉइन कोसळला. ७ मेच्या सुमारास साधारण सहा हजार रुपयांना असलेला कॉइन ११ तारखेला शंभरच्या आत आला. "साहेब, सहा हजारचा माल शंभरला. दहावा हिस्सा जरी परत वर गेला तरी सहा पट." त्याने मिरजेच्या दाजींकडून दोन लाख घेतले. दाजी नोकरदार, जपून वागणारा माणूस. त्यांनी दिले, कारण दारात गाडी बघितली होती. ११ तारखेला हे दोन लाख गेले आणि १२ ला आणखी १,४०,०००, पतसंस्थेतून ओळखीवर काढलेले.

इथेही तोच भागाकार राहिला. लूनाला टेरा यूएसडी नावाचा जोडीदार होता, ज्याची किंमत कायम एक डॉलर ठेवायची होती. कुणाला टेरा यूएसडीतून बाहेर पडायचं असेल तर त्याला एक डॉलरचे नवे लूना छापून मिळत. विश्वास होता तोवर हे चाललं. सगळे एकदम बाहेर पळायला लागले तेव्हा लूना छापला जाऊ लागला, छापल्याने दर पडला, दर पडल्याने एका डॉलरला आणखी जास्त छापावा लागला. सुमारे पस्तीस कोटी लूना आठवड्याभरात साडेसहा लाख कोटी झाले. शंभर रुपयांना मिळणारा लूना हा सहा हजारांचा लूना स्वस्तात मिळत नव्हता, तो दर मिनिटाला पातळ होत जाणाऱ्या मालाचा एक थेंब होता. १३ मेला लूनाची साखळी (ब्लॉकचेन, म्हणजे त्याचे सगळे व्यवहार नोंदवणारी यंत्रणा) थांबवली गेली. ३,४०,००० चे काही पैसे उरले, खरोखरचे पैसे, रुपये नव्हेत.

दाजींना त्याने दोन महिने 'अडकलेत' एवढंच सांगितलं.

विवरणपत्र

नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं परदेशी एक्स्चेंज बुडालं आणि दाजींनी पेपरात बातमी वाचून तगादा लावला. डिसेंबरमध्ये त्याने सगळे शिबा विकले. आले सुमारे दोन लाख, त्यातून एक टक्का टीडीएस कापून. ते तसेच मिरजेला गेले.

आता कागदावर बघा. शिबात १,६०,००० टाकले, दोन लाख आले, चाळीस हजार नफा. लूनात ३,४०,००० गेले. दोन्ही एकाच आर्थिक वर्षात. त्याला वाटत होतं एकूण तीन लाख तोटा, म्हणजे कर कसला. कायदा तसा नाही. १ एप्रिल २०२२ पासून एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही, आणि खरेदी किमतीशिवाय दुसरा कुठला खर्च धरत नाहीत. चाळीस हजार हा नफाच, आणि कराचा दर तीस टक्केच. त्याचं वर्षाचं उत्पन्न इतकं तोकडं होतं की सवलती धरून खिशातून फारसं गेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मी त्याच्यासमोर दुसराही हिशेब मांडला, जो विवरणपत्रात कुठे भरायचा नसतो. गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये ५,४०,००० ला विकली. तेव्हा पावणेपाच लाख कर्ज शिल्लक होतं, ६५,००० हातात आले. आगाऊ १,८०,००० आणि पंधरा हप्त्यांचे १,८६,७५० धरले तर गाडीने तीन लाख खाल्ले. तेरा महिन्यांचा बुडालेला पगार दोन लाख आठ हजार. पतसंस्थेचं व्याज वेगळं. कॉइनमध्ये गेले तीन लाख आणि कॉइनच्या भरवशावर गेले पाच लाखांच्या वर. बाजार पडला नसता तरी हे दुसरे पाच लाख जाणारच होते, कारण तो विकणार नव्हता.

कोण पळाला?

कडकनाथमध्ये ज्यांचे पैसे गेले ते एकत्र मोर्चे काढू शकले, पोलिसांत गेले, पेपरात आले. घरात बायको-आई त्या कंपनीला शिव्या घालत होत्या आणि नवऱ्याच्या बाजूने होत्या. या घरात शिव्या घालायला एकच माणूस आहे. त्याने मला अॅपविरुद्ध तक्रार करता येईल का, असं दोनदा विचारलं. कशाची तक्रार? सौदा त्याने केला, माल त्याला मिळाला. पूर्वी तो कट्ट्यावर म्हणायचा की कडकनाथवाला पळाला, इथं पळायला माणूसच नाही, म्हणून हे सुरक्षित. पहिलं वाक्य खरं होतं.

बायकोचं म्हणणं मी अपेक्षेपेक्षा वेगळं ऐकलं. पैशांबद्दल ती फार बोलली नाही. "साहेब, मी दोन्ही जावांना साडेसतरा लाख सांगून बसले होते. आता हळदीकुंकवाला गेलं की त्या विचारतात, कितीला गेला गं तुमचा कॉइन?" तिची चूक मला दिसत नाही. फोनवरचा आकडा त्या घरात तिच्यापुढे पैसा म्हणूनच ठेवला गेला होता.

आप्पा एकदाच आले होते, सहीसाठी. पोराला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, बागेची कीड डोळ्याला तरी दिसते.

नंतर

जानेवारी २०२३ पासून तो दुसऱ्या शीतगृहात लागला, १४,००० वर. औषध दुकानाची उधारी दोन हंगामांत उतरली. मार्च २०२४ मध्ये शिबा पुन्हा चढला. त्याचे २७ कोटी कॉइन असते तर त्या दिवसांत सात-आठ लाख झाले असते, आणि ग्रुपवरच्या मित्रांनी 'सांगितलं होतं ना थांब' असे मेसेज पाठवून त्याला चार महिने झोपू दिलं नाही. १८ जुलै २०२४ रोजी देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजवर दरोडा पडला. सुमारे २३ कोटी डॉलरचा माल गेला आणि गेलेल्यात सर्वांत मोठा वाटा शिबाचा होता. त्या मित्रांपैकी दोघांचे कॉइन त्याच एक्स्चेंजवर अडकले. त्यानंतर मेसेज बंद.

पाटल्या सुटल्या आहेत. गंठण अजून पतसंस्थेत आहे, दर वर्षी व्याज भरून नूतनीकरण होतं. ठेवलं तेव्हा सोनं तोळ्याला ४८ हजारांच्या आसपास होतं, २०२५ मध्ये ते लाखाच्या पुढे गेलं. या सगळ्या व्यवहारात टिकून दुप्पट झालेली वस्तू तेवढी एकच, आणि ती त्याच्या ताब्यात नाही. मध्यंतरी तो विचारत होता की सोनं वाढलंय तर त्याच गंठणावर वाढीव कर्ज मिळेल का, थोडे बिटकॉइन घेऊन ठेवतो, शिबा नाही, बिटकॉइन. मी त्याला पतसंस्थेचा उतारा आणायला सांगितला आणि आप्पांना सोबत घेऊन ये म्हटलं. उतारा त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला. आप्पांना अजून आणलेलं नाही.